मदत हवी आहे : ज्वारीच्या माल्टचा उकळता रस फिरवण्यासाठी भरवशाचा पंप कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापूर भागात राहते. गेली दोन वर्षे माझ्या जाऊबाई आणि मी, घराच्या मागच्या खोलीत, मालदांडी ज्वारीच्या माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचे, पेय तयार करतो. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण ४० लिटर, एवढाच आमचा व्याप आहे. अन्नसुरक्षा नोंदणी केलेली आहे आणि माल त्याच दिवशी गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचतो. या दोन वर्षांत दोन पंप निकामी झाले. तिसरा घेण्याआधी जाणकारांना विचारावे, म्हणून हा धागा काढत आहे. मजकूर लांबला आहे, पण पंपाला नेमके काय काम करायचे आहे हे सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही, असे मला वाटते.

आमच्या कामाशी सर्वांत जवळचे काम परदेशात घरी बिअर बनवणारे लोक करतात. त्यांच्याकडेही माल्टचा भरडा ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात मुरतो, त्याचा रस खालून काढून पुन्हा वरून सोडतात, मग तो उकळतात आणि लगेच गार करतात. फरक पडतो तो शेवटी. ते त्यात यीस्ट घालून रस आंबवतात. आम्ही आले-वेलदोडा घालून उकळलेला रस गार करून तसाच बाटल्यांत भरतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही आणि आम्हाला ते करायचेही नाही. पंपाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच असल्यामुळे, त्या छंदातील कोणी अनुभवी वाचक इथे असतील तर त्यांनीही अवश्य लिहावे.

ज्वारी रात्रभर भिजवून, मोड आणून, उन्हात कडक वाळवतो आणि चोळून, पाखडून मोड व मुळे पूर्ण काढून टाकतो. ही पायरी आम्ही कधीच चुकवत नाही, कारण ज्वारीच्या कोंबांत आणि मुळांत शरीरात गेल्यावर सायनाइड तयार करणारा घटक असतो. पुढे गिरणीतून जाडसर भरडा काढून आणतो. ज्वारीतील पिष्टमय भाग ७० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट फुलत नाही, तर त्याची साखर करणारे माल्टमधील एन्झाइम तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून साध्या ज्वारीचा भरडा आधी पातळ शिजवून घेतो आणि तो ६५ अंशांवर उतरला की त्यात माल्ट मिसळतो. यानंतर दीड तास, तळाशी जाळी असलेल्या ६० लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात, रस खालून वर फिरता ठेवावा लागतो. तो फिरला नाही तर तळाशी ७२ आणि वर ५८ अंश अशी तफावत पडते, हे मी दोन तापमापक ठेवून पाहिले आहे.

खरी अडचण इथेच आहे. जवाच्या दाण्याला टरफल असते आणि त्याच टरफलांचा थर गाळणीचे काम करतो. ज्वारीला तसे टरफल नसते. त्यामुळे भरड्याचा थर ओल्या मातीसारखा दाबला जातो आणि त्यातून रस उतरेनासा होतो. आम्ही धुतलेले भाताचे तूस मिसळतो, त्याने बराच फरक पडतो. तरीही पंपाने खालून जोराने ओढले की थर बसतोच.

पहिला पंप म्हणून आम्ही घरात पडून असलेला, टाकीत पाणी चढवण्याचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक वापरला. तो थंड, स्वच्छ पाण्यासाठी बनवलेला आहे हे त्याच्या पट्टीवर लिहिलेले होते आणि ते मी वाचायला हवे होते. त्याच्या ओढीने थर दोन मिनिटांत घट्ट बसला, महिनाभरात सील गळू लागले आणि आतल्या बिडाच्या भागामुळे रसाला गंजाची चव येऊ लागली. त्या दिवशीचा सगळा घाणा आम्ही ओतून दिला. खाण्यापिण्याच्या वस्तूसाठी तो पंप एक दिवसही वापरायला नको होता, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण मला आलेल्या चौकशांवरून पाहता अनेक छोट्या उद्योगांत आजही तो वापरला जातो.

दुसरा पंप ऑनलाइन मागवलेला, २४ व्होल्टचा, छोटा चुंबकी पंप होता. या प्रकारात मोटरचा दांडा रसापर्यंत पोहोचतच नाही. मोटरवरचे चुंबक बंद भिंतीपलीकडच्या पंख्याला फिरवते, त्यामुळे गळण्यासारखे सीलच नसते आणि पंखा अडकला तर चुंबकाची पकड सुटते, मोटर जळत नाही. ही रचना मला मनापासून पटली. चार महिने त्याने उत्तम काम केले. मग एका पहाटे वीज गेली, परत आली तेव्हा पंप आपोआप सुरू झाला आणि पातेल्याचा नळ बंद असल्यामुळे कोरडाच फिरत राहिला. या पंपांत पंख्याचा दांडा बहुधा सिरॅमिकचा असतो आणि त्याला ओलावा व गारवा रसाकडूनच मिळतो. कोरडा तापलेला दांडा, त्यावर अचानक आलेला रस, आणि दांड्याला तडा. सुटा दांडा कुठेच मिळाला नाही, म्हणून पूर्ण पंपच टाकून द्यावा लागला.

आता गरज किती, हे मोजून सांगते. रस फिरवताना मिनिटाला ४ ते ५ लिटर प्रवाह पुरतो, त्याहून जास्त नकोच आहे. पातेल्याच्या नळापासून वरच्या तोंडापर्यंतची चढण सव्वा मीटर आहे. उकळल्यानंतर मात्र तोच रस प्लेटच्या कूलरमधून (यात पातळ पत्र्यांच्या एका बाजूने रस आणि दुसऱ्या बाजूने थंड पाणी जाते) ढकलायचा असतो आणि तिथला अडथळा मोठा आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गार करण्याचे पाणी २०० लिटरच्या पिंपातून फिरवतो आणि नंतर ते धुण्यापुसण्याला वापरतो. ४० लिटर रस ५५-६० अंशांनी उतरवताना पिंपातले पाणी ११-१२ अंशांनी तापते, म्हणून शेवटच्या टप्प्याला बर्फ घालतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, तेव्हा सगळे काम पहाटे चारला सुरू करावे लागते. या थंड पाण्याच्या बाजूला डेझर्ट कूलरचा साधा पंप बिनतक्रार चालतो, कारण तिथे रसाशी संबंध येत नाही.

बाजारात विचारल्यावर तीन मार्ग समोर आले. पहिला, २३० व्होल्टचा चुंबकी पंप, पण या वेळी डोके, म्हणजे रस ज्यातून जातो तो भाग, स्टीलचे. पॉलिसल्फोन प्लॅस्टिकचे डोकेही १२० अंशांपर्यंत टिकते; अमेरिकेतील मार्च कंपनीचा, बिअर बनवणाऱ्यांत प्रसिद्ध असलेला ८०९ हा पंप त्याच जातीचा आहे. परंतु प्लॅस्टिकच्या आट्यांत स्टीलची जोडणी वारंवार पिळली की आटे जातात, आणि आम्हाला प्रत्येक घाण्यानंतर सगळे उघडून धुवायचे असते. शिवाय तिकडचा ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा पंप ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला, तरी आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा वेग पाच-षष्ठांश होतो आणि वर चढवण्याची ताकद सुमारे ७० टक्क्यांवर येते. म्हणून तो विचार मी सोडून दिला.

दुसरा मार्ग दूधसंकलन केंद्रात असतो तसा स्टीलचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप. एमआयडीसीतील एका दुकानदाराने हाच घ्या, असा आग्रह धरला आहे. तो दणकट आहे, पकडीच्या जोडणीमुळे मिनिटात उघडतो आणि त्याचे सील इथे मिळते. वेग कमी करण्यासाठी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण) लावावा, असे त्यांचे म्हणणे आहे. तिसरा, नळी चेपून रस पुढे ढकलणारा पेरिस्टाल्टिक पंप. त्यात रसाला फक्त नळीचाच स्पर्श होतो, तो कोरडा फिरला तरी चालतो आणि भरड्याचे कण सहज पुढे जातात. पण एवढ्या प्रवाहाचा पंप आमच्या १५ हजारांच्या मर्यादेत मिळत नाही.

माझा कल पहिल्याकडे आहे. तरीही तीन शंका मनात आहेत. ३ ते ३.५ मीटर चढवण्याची क्षमता कूलरच्या अडथळ्यापुढे पुरेल का? उकळता रस ओढताना पंप मध्येच हवा धरून गुरगुरतो, ते कसे टाळावे? आणि भरड्याचा थर बसू नये म्हणून प्रवाह पंपाच्या आधी आवळावा की नंतर? ज्यांनी असा पंप वर्षभर तरी चालवला आहे त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. मी बार्शी भागात दूधसंकलन केंद्रांच्या यंत्रांची देखभाल करतो, त्यामुळे दुसऱ्या मार्गाविषयी अधिकाराने लिहू शकतो. तो पंप घेऊ नका. अर्ध्या हॉर्सपॉवरचा दुधाचा पंप तासाला काही हजार लिटर दूध हलवण्यासाठी असतो. त्याला मिनिटाला ५ लिटरवर आवळून धरले तर तो आतल्या आत रस घुसळत आणि तापवत राहील. व्हीएफडीचा सल्लाही अर्धवट आहे. घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी चालतो, पण त्याच्या पुढे थ्री फेज मोटर लागते. कपॅसिटरच्या सिंगल फेज मोटरला तो लावला तर मोटर जाते. हे दुकानदाराने सांगायला हवे होते.

प्रवाह आवळायचा तो नेहमी पंपानंतरच्या व्हॉल्व्हने. आधी आवळला की पंखा उपाशी राहतो आणि गरम रसात वाफेचे बुडबुडे धरतात. आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर असल्याने तिथे पाणी ९८ अंशांच्या थोडे पुढेच उकळते, म्हणजे उकळत्या रसाला ओढ अजिबात सहन होत नाही. गॅस बंद करून पाच-सात मिनिटे थांबा, पंप पातेल्याच्या नळापासून जमेल तेवढा खाली, जमिनीलगत ठेवा, ओढीची नळी आखूड आणि रुंद घ्या आणि पंपाचे बाहेरचे तोंड वरच्या बाजूला येईल असे डोके फिरवून बसवा, म्हणजे अडकलेली हवा आपोआप निघून जाते. मोटर मात्र गळणाऱ्या जोडणीच्या खाली येऊ देऊ नका, आणि त्या खोलीच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पंपाच्या आधी तो बसवा.

आता तुमच्या मूळ दुखण्याविषयी. पंपाने थर ओढायचाच कशाला? पातेल्याखाली एक छोटे भांडे ठेवा. रस स्वतःच्या वजनाने त्यात उतरू द्या आणि पंपाने त्या भांड्यातून उचलून वर सोडा. पंप कितीही जोराचा असला तरी त्याची ओढ थरापर्यंत पोहोचणारच नाही. त्याच भांड्यात तरंगता स्विच बसवला की रस संपताच पंप बंद होईल आणि कोरडा फिरण्याचा प्रश्नही मिटेल. स्विचमधून थेट मोटर चालवू नका, मध्ये रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) घ्या.

धुण्याबद्दल एक सूचना. गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानंतर सायट्रिक आम्लाचे पाणी फिरवाच, कारण आपल्याकडच्या जड पाण्याने स्टीलवर पांढरा थर धरतो. ब्लीचिंगचे पाणी स्टीलमध्ये ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. आणि बॉल व्हॉल्व्ह (आतला गोळा फिरवून उघडणारा) तीन भागांत सुटा होणारा घ्या; दोन भागांच्या व्हॉल्व्हमध्ये गोळ्याच्या मागे रस साठून आंबतो.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. काल सकाळीच तुमच्या सांगण्याप्रमाणे १० लिटरचा स्टीलचा डबा पातेल्याखाली ठेवून पाहिला. पंप नसल्यामुळे जाऊबाई आणि मी तांब्याने रस वर सोडत राहिलो. पाऊण तासानंतरही थर मोकळा होता आणि रस मिनिटाला साडेचार लिटरने उतरत होता. असे यापूर्वी कधी झाले नव्हते. गेले दीड वर्ष मी तुसाचे प्रमाण वाढवत बसले होते, आणि दोष ओढीचा होता.

त्यामुळे स्टीलच्या डोक्याचा, २३० व्होल्टचा चुंबकी पंप घ्यायचे नक्की केले आहे. पंखा, दांडा आणि ओ-रिंग यांचा एक जादा संच त्याच वेळी मिळणार असेल तरच पैसे देणार आहे. विक्रेत्याने दुकानात पंप चालवून दाखवायचे मान्य केले आहे, तेव्हा कूलर सोबत नेऊन त्यातूनच पाणी सोडून बघेन आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजेन. तिथे मिनिटाला ३ लिटर मिळाले तरी माझे काम भागेल.

आता तरंगत्या स्विचचा प्रश्न उरला आहे. मिळणारे बहुतेक स्विच प्लॅस्टिकचे आहेत आणि त्यांवर ८० अंशांची मर्यादा लिहिलेली आहे. रस फिरवताना ते चालतील, उकळल्यानंतर नाही. पूर्ण स्टीलचा स्विच एका ठिकाणी दिसला, पण त्याचा तरंगता भाग बारीक दांड्यावर वरखाली सरकतो आणि आमचा रस चिकट आहे. तो दांड्याला चिकटून अडकला, तर रस संपल्यावरही पंप चालूच राहील. गुळाच्या पाकात, काकवीत किंवा दुधात असा स्विच कोणी वापरला आहे का? वापरला असल्यास तो किती दिवसांनी काढून धुवावा लागतो, एवढे कृपया कळवावे.