रानडुक्कर परवडलं की तांबेरा?

शिवारवाट: काल एका भाऊंनी लिहिलं, ‘डुकरांच्या नावानं रडू नका, राखण करा. सोयाबीनवाल्याचा खरा वैरी तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग.’ वाचून डोकं फिरलं. तांबेऱ्याला औषध आहे. पानाखाली तपकिरी पुळ्या दिसल्या की हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक मारता येतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं तांबेऱ्यापुढं तग धरणारं फुले संगम हे सोयाबीनचं वाण दिलंय. डुकरावर काय फवारू? कळप शिरला की एका रात्रीत भुईमूग उकरून मोकळा.

नदीकाठ: झड लागल्यावर पंप पाठीला घेऊन चिखलात उतरा, मग औषधाचं सांगा. डुक्कर निदान हाकलता येतं. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यांना कुंपण कुठलं घालणार? 1994 च्या साथीत वडिलांचं उभं सोयाबीन गेलं. पानं गळाली, शेंगा पोचट.

शिवारवाट: हाकलता येतं? माझे चुलते राखणीला असताना डुकरानं त्यांची मांडी फाडली. तांबेऱ्यानं कुणाला दवाखान्यात पाठवलंय?

डोंगरकडा: दोघंही मुद्द्याचं बोलत नाही. भरपाई कशी मिळते ते बघा. तांबेरा अख्ख्या महसूल मंडळात पसरतो, म्हणून विम्यासाठी काही शेतांतलं पीक कापून मोजतात त्या पीक कापणी प्रयोगात उत्पन्न घटलेलं दिसतं. डुकरानं माझा एकट्याचा मका लोळवला तर मंडळाच्या सरासरीत तो दिसतच नाही. वन्यप्राण्यांचं नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेतलंय, पण 72 तासांत विम्याच्या ॲपवर फोटो टाकायचे. आमच्या वस्तीवर फोन लागत नाही!

नदीकाठ: मग वनखात्याकडं अर्ज करा.

डोंगरकडा: केला. पंचनाम्याला माणूस आला तोवर रान नांगरून झालं होतं. पुढच्या पेरणीसाठी थांबायचं किती?

ओढ्याकाठचा: डुकरं दिवसा लपतात कुठं? उसात. ऊस लावला कुणी? आपणच. आणि कृपा करून तारेत थेट वीज सोडू नका. आमच्या शेजारच्या गावात तशा तारेनं माणूस गेला. झटका मशीन बसवा, त्यानं जीव न जाता नुसता झटका बसतो.

शिवारवाट: बांधालगतचा ऊस दुसऱ्याचा असतो, दादा. मशीनचा खर्च मात्र माझा.

नदीकाठ: एवढं मानतो, तांबेऱ्याच्या साथीत सगळा गाव एकत्र ओरडतो, डुकराच्या वेळी एकट्याला ओरडावं लागतं. पण ‘औषध आहे’ म्हणून तांबेऱ्याला हलकं लेखू नका. ऑगस्टमध्ये पानं उलटून बघा, मग बोलू.

शिवारवाट: बघतो. तुम्ही एक रात्र राखणीला या.