टॉलेमीच्या नकाशात आपला किनारा गेला कुठे?

शाळाबाई_डिचोली:

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. प्रदर्शनासाठी आठवीची मुलं जुने नकाशे छापून घेऊन आली. त्यात टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराचा जगाचा नकाशा आहे, १४८२ साली जर्मनीत उल्म गावी छापलेला. कडेने गाल फुगवून फुंकणारी वाऱ्यांची डोकी आहेत त्यावर, मुलांना तीच फार आवडली. मग अर्थातच सगळे गोवा शोधायला बसले. गोवा राहू दे, कोकणपट्टीच नाही! सिंधूच्या मुखापासून किनारा जो निघतो तो जवळजवळ सरळ उगवतीकडे. भारताचं टोक गायब आणि श्रीलंका एवढी थोरली की बघतच राहावं. खाली हिंदी महासागर चहूबाजूंनी जमिनीने बंद केलेला.

एका मुलाने विचारलं, "टीचर, रोमन लोकांची गलबतं मिरी न्यायला येत होती ना? मग किनारा वळतो हे त्यांना दिसलं नाही?" प्रश्न चोख आहे. उत्तर हवंय.

दुसरी गोष्ट घरची. मामंजी म्हणतात, आपल्याकडे नकाशे नव्हतेच, होतं ते जंबुद्वीप आणि दुधा-तुपाचे समुद्र. प्रदर्शनात "आपले पूर्वज" असा एक फलक आहे. तो मोकळा सोडवत नाही, आणि व्हॉट्सॅपवरचं काहीबाही लावणार नाही. सुचवा.

दर्यावर्दी_वास्को:

बाई, त्या पोराला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी आयुष्यभर बोटीवर होतो, सेकंड मेट असताना चार्टरूम माझ्याच ताब्यात असायची, म्हणून बोलतो.

खलाशांना सगळं दिसलं होतं. टॉलेमीच्या साधारण शंभर वर्षं आधी ग्रीक लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या बाजूपर्यंतची बंदरं लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात ती वही. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय की भडोचच्या पुढे किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ जातो. मग कल्याण, चौल अशी बंदरं ओळीने येतात. म्हणजे माहिती होती. ती टेबलावर पोचताना बिघडली.

टॉलेमी बसला होता अलेक्झांड्रियात, इ.स. १५० च्या आसपास. त्याने आठ हजारांच्या घरात ठिकाणं घेतली आणि प्रत्येकाला अक्षांश-रेखांश दिले. अक्षांश सोपा, दुपारची सावली किंवा रात्रीचा तारा मोजला की झालं. रेखांश काढायला मात्र एकाच क्षणी दोन ठिकाणी किती वाजलेत ते कळावं लागतं. बोटीवर भरवशाचं घड्याळ आलं अठराव्या शतकात. तोवर काय, "अमक्या बंदरापासून इतके दिवस, वारा बरा होता, तोंड साधारण उगवतीला." असल्या बोलीवर आकडे बसवले तर किनारा आडवा होणारच. त्यात त्याने पृथ्वीच लहान धरली. त्याच्या आधीच्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या मापाने एका अंशाला ७०० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप) येतात, याने ५०० घेतले. भूमध्य समुद्राची लांबी खरी ४२ अंशांच्या आसपास, याच्याकडे ती ६२ झाली. घरासमोरच्या समुद्राची ही गत, तर आपल्याबद्दल काय बोलायचं!

आणि मुलांना हेही सांगा की तुमच्या भिंतीवरचं चित्र टॉलेमीच्या हातचं नाही. त्याचे म्हणून जे नकाशे आज आहेत, त्यांतले जुन्यात जुने १३०० च्या सुमाराचे, त्याच्या आकड्यांवरून काढलेले.

माझं मत विचाराल तर दर्यावर जाणारा माणूस असल्या चित्रावर विसंबून जातच नव्हता. त्याच्या डोक्यात बंदरांची माळ असायची आणि हातात कमाल, म्हणजे ताऱ्याची उंची मोजायची दोरी लावलेली फळी. आपल्या कदंबा बसच्या कंडक्टरला पणजी ते काणकोण सगळे स्टॉप पाठ असतात, पण नकाशा काढ म्हटलं तर घाम फुटेल त्याला. तसंच ते. मामंजींना म्हणावं, नकाशा नव्हता म्हणजे ज्ञान नव्हतं असं होत नाही.

कागदकीडा:

कॅप्टनसाहेब, बाकी सगळं मान्य, पण "चित्रावर विसंबून जातच नव्हता" हे जरा जास्त होतंय. १४९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वास्को द गामाला कालिकतला आणणारा वाटाड्या गुजराती होता, असं जुआंव द बार्रुश हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो. त्या माणसाने गामाला अख्ख्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला, आडव्या-उभ्या रेषांच्या बारीक चौकटी आखलेला. पोर्तुगीज नकाशांवर होकायंत्राच्या दिशांचं जाळं असे, ते त्यावर नव्हतं. बार्रुशने हे पन्नासेक वर्षांनी लिहिलं, तेवढी सावधगिरी ठेवावी. पण आपल्या बाजूला नकाशे नव्हतेच, हे म्हणणं यापुढे टिकत नाही.

याहून मला चटका लावते ती दुसरी हकिगत. मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) जिंकल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कच्या हाती एका जावानी मालमाचा, म्हणजे वाटाड्या खलाशाचा, मोठा नकाशा आला. त्यावर आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, पोर्तुगाल, ब्राझील, तांबडा समुद्र, इराणचं आखात, मसाल्याची बेटं, चिनी गलबतांच्या वाटा. नावं जावानी लिपीत. गोव्याकडे परतताना 'फ्लोर द ला मार' जहाज सुमात्राजवळ फुटलं आणि नकाशा तळाला गेला. फ्रान्सिश्कु रुद्रिगिश याने एका भागाची नक्कल करून ठेवली होती, तीच आल्बुकेर्कने १५१२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला धाडली. आपल्या बाजूचे नकाशे असे गेले. कागद, दमट हवा, वाळवी आणि फुटकी जहाजं.

फलकासाठी माझी सूचना: फेर्नांव वाझ दोराद. गोव्यात जन्मला, दीवच्या १५४६ च्या वेढ्यात लढला आणि गोव्यात बसून जगाचे ॲटलास काढले. १५६८ चा आज माद्रिदमध्ये आहे, १५७१ चा लिस्बनला. सोनेरी वेलबुट्टीची चौकट आणि किनाऱ्याला काटकोनात लिहिलेली बंदरांची बारीक नावं. किनारा बारकाईने काढलेला आणि आतला मुलूख जवळजवळ रिकामा, तिथे राजांच्या ढाली आणि झेंडे. ज्याला दर्याच हवा होता त्याने दर्याच काढला. डिचोली त्यात शोधू नका, तुमच्या बाजूला पोर्तुगीज कायमचे पोचायला १७८१ उजाडलं!

म्हार्दोळचा_नातू:

जंबुद्वीपाची एवढी हेटाळणी नको. आजोबा पूजा सांगायचे, त्यामुळे संकल्प कानावर पडून पाठ झाला: "भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणतीरे…" आणि मग "रामक्षेत्रे". पाटावर बसलेला यजमान विश्वात नेमका कुठे आहे ते ठरवल्याशिवाय पूजा सुरूच होत नाही. फलकावर हा संकल्प लावा आणि शेजारी मुलांकडून सात द्वीपांची वर्तुळं काढून घ्या: मध्ये मेरू, भोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध, शेवटी गोडं पाणी.

पण तिथेच थांबू नका. ज्योतिषी मंडळींना पृथ्वी गोल असल्याचं पक्कं ठाऊक होतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त स्पष्टच सांगितलंय की परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसणार, म्हणून जमीन सपाट वाटते. उज्जैनवरून जाणारी मध्यरेषा, ती विषुववृत्ताला मिळते तिथे लंका. ही लंका हिशेबातली, आजची श्रीलंका नव्हे. आणि पुराणांतल्या द्वीपांचं काय केलं? जंबुद्वीप उत्तर गोलार्धात, मेरू उत्तर ध्रुवावर, दुधा-तुपाचे समुद्र खाली दक्षिण गोलार्धात जिथे कुणी जाऊन बघणार नव्हतं. भांडण न करता वाट काढली. मला हे फार आवडतं.

शाळाबाई_डिचोली:

देव बरें करूं, सगळ्यांना! फलकावर एका बाजूला संकल्प आणि दुसऱ्या बाजूला वाझ दोराद, हे ठरलं. मामंजींना संकल्पाचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हें हांव आधींच सांगतालों." कॅप्टनसाहेब, ती कमाल मुलांना करता येईल का?

दर्यावर्दी_वास्को:

का नाही? कागदकीडासाहेबांच्या गुजराती नकाशापुढे मी शस्त्र खाली ठेवतो, निदान आजच्यापुरतं.

पत्त्याएवढी लाकडी फळी घ्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा. दोरीचं टोक दातात धरायचं आणि फळी पुढेमागे करत खालची कड क्षितिजावर, वरची कड ध्रुवताऱ्यावर आणायची. जुळलं की दोरीला तिथे गाठ. जुने मालम बंदरागणिक एक गाठ मारून ठेवायचे. समुद्रात तारा त्या गाठीला जुळला की त्या बंदराच्या अक्षांशावर आलो, आता उगवतीला वळा.

गोम एवढीच, आपला समुद्र मावळतीला. किनाऱ्यावर उभं राहून उत्तरेला पाण्याचं क्षितिज मिळायचं नाही, आणि डिचोलीत तर डोंगरच आहेत. म्हणून कमाल दाखवायला करा, मोजायला कोनमापक घ्या. त्याला ओळंबा बांधा, सरळ कडेवरून ध्रुव बघा, ओळंब्याची दोरी ९० च्या खुणेपासून किती अंश सरकली ते दुसऱ्या मुलाने वाचायचं. पाऊस गेला की दिवाळीनंतर करा. डिचोलीचा अक्षांश, म्हणजे साडेपंधराच्या आसपास यायला हवं. वीस आले तर ओळंबा कुणाच्या तरी शर्टाला अडकला असणार.