श्रद्धांजली टाकण्याआधी जरा विचार करा (सोसायटी ग्रुप, फोंडा, गोवा, एप्रिल २०२५)

सी-१०२ वहिनी: नमस्कार. सकाळी सव्वासहाला ग्रुपवर शिवाजी साटमांचा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' कुणी टाकली ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नाव घेत नाही. आमच्या आईंनी तो बघितला, देवापुढे निरांजन लावलं आणि तेव्हापासून पेजेला हात लावलेला नाही. त्यांना बीपी आहे. साटम धडधाकट आहेत हो! ते ज्याचं काम करतात तो सीआयडी मालिकेतला एसीपी प्रद्युमन मेलाय.

बी-३०१: मेला??? 😭 मी अजून बघितलंच नाही. काल पावणेदहाला लाइट गेली ती साडेअकराला आली. वहिनी, सांगून टाकलंत ना!

सी-१०२ वहिनी: मी काय सांगितलं? फोटो सकाळपासून ओरडून सांगतोय.

ए-२०४ काका: फोटो मी टाकला. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. चॅनेलनेच तो टाकलाय, १९९८–२०२५ असं लिहून. श्रद्धांजली प्रद्युमनला होती. आईंना त्रास झाला त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

सी-३०४ भाऊ: मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयालासुद्धा त्याच्याच टीममधल्या अभिजीतने गोळी घातली होती. आला ना परत? मग?

ए-१०१ मावशी: माझं वेगळंच आहे. प्रद्युमनला बॉम्बने मारणाऱ्या खलनायकाला बार्बोजा हेच नाव मिळालं? तिग्मांशू धुलियांनी काम चांगलं केलंय, प्रश्न तो नाही. आपल्या पोदेराचं, पाववाल्याचं, आडनाव तेच. आज पहाटे तो पाव घेऊन आला तर बी विंगच्या दोन पोरांनी जिन्यात विचारलं, 'टोपलीत बॉम्ब आणलास?' बिचारा हसला, पण पैसे मोजताना मान वर केली नाही. वीस वर्षं येतोय तो आपल्याकडे.

बी-२०२ सर: त्यातला एक माझा नातू असावा. उद्या स्वतः खाली आणून माफी मागायला लावतो.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा ग्रुप पाणी, लाइट व देखभालीसाठी आहे.

ए-१०१ मावशी: बरं, मग लाइटचंच बोला. काल जनरेटर का लागला नाही?

सेक्रेटरी: डिझेल संपलं होतं. बी विंगची चार जणांची वर्गणी अजून यायची आहे.

बी-३०१: आमची दिलीय. पावती बघा.

सी-३०४ भाऊ: दया पण मेला होता म्हणत होते. परत आला.

बी-२०२ सर: मला भाग आवडला, स्पष्ट सांगतो. ड्यूटीवरच्या माणसाला मरण सांगून येत नाही. फटकन गेला, तेच खरं वाटलं.

ए-२०४ काका: सर, मला नाही पटलं. २०१८ साली १,५४७ भागांवर मालिका बंद झाली तेव्हा वाईट वाटलं, राग आला नाही. या भागाचा राग आला. सीआयडी उभी कशावर होती? आधी मृतदेह, मग डॉ. साळुंख्यांची फॉरेन्सिक लॅब, मग पुरावा, मग संशयित. प्रद्युमन हवेत बोटं फिरवत थांबायचा, विचार करायचा. २००४ मध्ये याच लोकांनी कॅमेरा न थांबवता १११ मिनिटांचा भाग एका शॉटमध्ये केला होता. एवढा धीर होता त्यांच्यात. आमची ही पहिल्या जाहिरातीच्या आत खुनी ओळखायची आणि खुर्चीच्या हातावर चापट मारायची. शेवटच्या आजारपणातही सीआयडी लागली की उशी उंच करायला सांगायची. ज्याने २७ वर्षं दुसऱ्यांच्या मरणाचा छडा लावला, त्याचं मरण असं उरकायचं? आणि नवा एसीपी आयुष्मान जाहीरसुद्धा झाला. आपल्यात तेराव्यापर्यंत तरी थांबतात.

बी-३०१: काका 🙏 पण मधली सहा वर्षं मालिका बंद होती, २१ डिसेंबर २०२४ ला परत आली. २७ नाही होत.

ए-२०४ काका: माझ्या घरात २७च.

बी-२०२ सर: तुमचं दुःख समजतो. पण याच मालिकेत फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले. तेव्हा ग्रुपवर एक ओळसुद्धा कुणी लिहिली नाही.

सी-१०२ वहिनी: मी लिहिली होती. त्या दिवशी तुम्ही सगळे पार्किंगवरून भांडत होता.

बी-२०२ सर: चुकलं वहिनी. वाचली नव्हती.

सी-३०४ भाऊ: दयाचं कुणी उत्तर दिलं नाही. गोळी लागली, तरी परत आला. प्रद्युमनही येणार.

ए-१०१ मावशी: तुमच्या तोंडात साखर पडो. बार्बोजा मात्र नको.

सी-१०२ वहिनी: आईंना मोबाइलवर साटमांचा जुना व्हिडिओ दाखवला. पूर्वी बँकेत नोकरी करत होते हे ऐकून खूश झाल्या, बाबाही बँकेतच होते ना. आता उकड्या तांदळाची पेज आणि मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड घेतली. निरांजन मात्र विझवू देत नाहीत.

ए-२०४ काका: राहू दे.

सी-१०२ वहिनी: काका, शनिवारी दहाला आमच्याकडे या. आईंना सोबत होईल. त्यांनाही खुनी आधीच कळतो.

ए-२०४ काका: येतो. खुर्ची घरून आणू का?

सी-१०२ वहिनी: आणा.

सेक्रेटरी: शनिवारच्या आत डिझेल भरून घेतो.