मदत हवी आहे: दोन ग्राफिक्स कार्डं आणि जास्त हर्ट्झचा मॉनिटर, जोडी कशी जुळवावी?

पाऊलखुणा:

नमस्कार मंडळी,

नवा मॉनिटर घ्यायचा आहे, पण त्याआधी एक गुंता सुटत नाहीये. माझ्याकडे पहिल्यापासून जीटीएक्स १०८० टीआय आहे. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या भावाने नवी मशीन बांधली आणि त्याच्याकडचं अगदी तेच मॉडेल मला दिलं, सोबत एसएलआयचा (दोन कार्डं मिळून एकच खेळ चालवायची एनव्हिडियाची सोय) एचबी ब्रिजसुद्धा, म्हणजे दोघांना जोडणारी पट्टी. प्रोसेसर ७७००के, रॅम ३२ जीबी, पॉवर सप्लाय ८५० वॉटचा. दोन्ही कार्डं एक्स-८ वर (स्लॉटच्या आठ लेनवर) चालतात हे जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बघून घेतलं आहे.

समोर सध्या तीन मॉनिटर आहेत. मधला १४४०पी, १४४ हर्ट्झचा. तो बराच जुना, त्यामुळे जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग खेळाच्या फ्रेमशी जुळवणाऱ्या सोयी) यापैकी काहीच नाही. दोन्ही बाजूंचे १०८०पी, ६० हर्ट्झचे. मी जास्त करून कार रेसिंग खेळतो, अधूनमधून मोठ्या कथेचे खेळ.

दुसरं कार्ड आल्यावर मी असं गृहीत धरलं की एक मॉनिटर एका कार्डाला आणि दुसरा दुसऱ्याला लावला की भार आपोआप वाटला जाईल. म्हणून डावीकडचा मॉनिटर खालच्या कार्डाला लावला. पण एसएलआय चालू केलं की तो काळा पडतो, आणि बंद केलं की परत येतो. हे असंच असतं का, की माझ्या सेटिंगमध्ये काही चुकतंय?

दुसरी गोष्ट मला जास्त छळते आहे. एसएलआय चालू असताना काही खेळांत कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा वाढलेला दिसतो, पण वळणावर गाडी घेताना चित्र आधीपेक्षा खडबडीत वाटतं. सुरुवातीला मनाचा भास म्हणून सोडून दिलं. मग भावाला न सांगता खेळायला बसवलं, तर त्यालाही तेच जाणवलं.

आता मॉनिटरचं. तीन पर्याय डोक्यात आहेत: १४४०पी २४० हर्ट्झचा एक, ४के १४४ हर्ट्झचा एक, किंवा एकसारखे तीन १४४०पी १६५ हर्ट्झचे. पैसे साठवून घेतोय, पुन्हा लवकर बदलणं शक्य नाही. दोन कार्डांना साजेसा यातला कुठला? जाणकारांनी कृपया सांगा. आगाऊ आभार.

रात्रदिवा:

डावा मॉनिटर काळा पडतो तो बिघाड नाही. एसएलआयमध्ये चित्र बाहेर पाठवायचं काम वरच्या मुख्य कार्डाचं. खालचं कार्ड आपली फ्रेम काढून वरच्याकडे सोपवतं, त्याचे स्वतःचे पोर्ट तेव्हा साधारणपणे वापरात नसतात. कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्सिमाइझ थ्रीडी परफॉर्मन्स' आणि 'ॲक्टिव्हेट ऑल डिस्प्लेज' असे दोन वेगळे पर्याय आहेत ना, ते याचसाठी. एक निवडला की दुसरा सुटतो.

तुमच्या कार्डावर सहसा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं. तिन्ही मॉनिटर वरच्याच कार्डाला लावा, प्रश्न मिटेल.

आणि कृपया हे सांगा: फ्रेमचा आकडा बघता तो सरासरीचा, की फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावून बघता?

पाऊलखुणा:

फक्त सरासरी बघत होतो. आलेख कधी लावला नाही. तिन्ही केबल वर हलवल्या, आता एसएलआय चालू असतानाही तिन्ही दिसतात. मनापासून आभार, एवढी साधी गोष्ट दोन महिने लक्षात आली नव्हती.

तांबडी माती:

पाऊलखुणा, तुम्हाला आणि तुमच्या भावाला जे जाणवलं ते खरं आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

खेळांमध्ये एसएलआय बहुतेक वेळा आळीपाळीने चालतं. पहिली फ्रेम वरच्या कार्डाने काढायची, दुसरी खालच्याने, तिसरी पुन्हा वरच्याने. सरासरी १०० फ्रेम आली तर दर १० मिलिसेकंदांनी एक फ्रेम दिसायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही कार्डांचा ताल जुळला नाही तर फ्रेम ४, १६, ४, १६ अशा अंतराने येतात. मोजणारा सॉफ्टवेअर याचीही सरासरी १०० च दाखवतो. डोळ्याला मात्र ते १६ मिलिसेकंदांचं अंतर बोचतं, म्हणजे अनुभव साठ-बासष्ट फ्रेमच्या आसपासचा. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर यातलं बरंचसं झाकलं जातं, १४४ वर प्रत्येक फ्रेमला ६.९४ मिलिसेकंदच मिळतात म्हणून ते उघडं पडतं. मॉनिटर जितका वेगवान, तितकी दोन कार्डांची ही खोड स्पष्ट दिसते.

स्टिअरिंगचा प्रतिसादही बघा. आळीपाळीने मिळालेल्या १२० फ्रेममध्ये प्रत्येक कार्ड आपल्या एका फ्रेमवर १६ मिलिसेकंदांहून जास्त काम करत असतं. चित्र १२० चं, हाताला मिळणारं उत्तर जवळपास ६० चं. कथेच्या खेळात चालून जातं, रेसिंगमध्ये नाही.

मेमरीचीही बेरीज होत नाही. दोन ११ जीबीची कार्डं म्हणजे खेळासाठी ११ जीबीच, कारण दोघांनाही सगळं सामान आपापल्याकडे ठेवावं लागतं. ४के घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

आणि बरेच नवे खेळ मागच्या फ्रेममधली माहिती घेऊन पुढची फ्रेम गुळगुळीत करतात. मागची फ्रेम दुसऱ्याच कार्डावर असली की ती आधी इकडे आणावी लागते, आणि दुसऱ्या कार्डाचा फायदा त्यातच संपतो. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल (एकेका खेळासाठीची एसएलआयची सेटिंग) देणं थांबवलं. त्यानंतरच्या खेळात दोन कार्डं चालायची तर खेळ बनवणाऱ्यांनीच डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कनमध्ये (खेळाला ग्राफिक्स कार्डाशी जोडणारी सॉफ्टवेअर) तशी सोय केलेली हवी. अशी चांगली सोय असलेले खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला 'शॅडो ऑफ द टूम रेडर' तुमच्याकडे असेल तर जरूर करून बघा.

म्हणून माझं स्पष्ट मत: मॉनिटर एका कार्डाच्या ताकदीवर निवडा. दुसरं कार्ड नाहीच असं समजून.

नवखा प्रवासी:

धाग्यात मधेच शिरतो, माफ करा. माझ्याकडे दोन वेगवेगळी कार्डं आहेत. वर आरएक्स ६७०० एक्सटी, खाली जुनं आरएक्स ५८०. क्रॉसफायर (एएमडीची एसएलआयसारखी सोय) वगैरे काही नाही. ४के १४४ चा मॉनिटर केबल पुरत नव्हती म्हणून खालच्या कार्डाला लावलाय. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये खेळासाठी वरचं कार्ड निवडलं. खेळ चालतो, पण अडखळतो. खालचा स्लॉट चिपसेटचा (थेट प्रोसेसरला न जोडलेला), पीसीआयई ३.० एक्स-४, म्हणजे चार लेनचा.

काटकोन:

नवखा प्रवासी, तुमचा घोळ साध्या गुणाकाराने समजेल. खेळ वरच्या कार्डावर तयार होतो, मॉनिटर खालच्याला आहे, म्हणजे प्रत्येक तयार फ्रेम स्लॉटमधून खाली न्यावी लागते. ४के ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर, साधारण ३३ एमबी. सेकंदाला १४४ वेळा म्हणजे जवळपास ४.८ जीबी. पीसीआयई ३.० एक्स-४ ची कमाल जेमतेम ३.९ जीबी, आणि चिपसेटच्या त्याच वाटेवरून तुमची एसएसडी आणि यूएसबीसुद्धा जाते. मापात बसतच नाही. १४४०पी असता तर फ्रेम १४.७ एमबीची आणि गरज २.१ जीबीची, ते निभावलं असतं. लांब केबल घ्या आणि मॉनिटर थेट वरच्या कार्डाला लावा. केबल डिस्प्लेपोर्टची घ्याल तर प्रमाणित घ्या, लांबी वाढली की साध्या केबलवर चित्र मधेच जातं.

पाऊलखुणा, तांबडी माती यांच्याशी मी सहमत आहे. फक्त केबलमधून किती माहिती जाते तेही पाहा. तुमच्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४ आहे, त्यातून सेकंदाला उपयोगी अशी २५.९२ गिगाबिट जातात. ४के १४४ ला आठ बिट रंगांत नुसत्या पिक्सेलनाच २८.७ लागतात. नवी कार्डं डीएससी नावाच्या दाबण्याच्या पद्धतीने हे बसवतात, १०८० टीआयला ती येत नाही. म्हणजे तो मॉनिटर तुमच्याकडे पूर्ण रंगांत १२० वर चालेल, किंवा रंगांत तडजोड करून १४४ वर. १४४०पी २४० आठ बिटांत बसतो, पण तिथे अडचण वेगळी. २४० साठी प्रोसेसरला दर ४.१७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम तयार करून द्यावी लागते. ७७००के ला ते जड जाईल, आणि एसएलआयमध्ये ड्रायव्हरचं काम वाढतं ते वेगळंच. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. तरी फ्रेम वाढल्या नाहीत तर अडलंय ते प्रोसेसरवर, दोन काय चार कार्डांनीही फरक पडणार नाही.

तीन १४४०पी म्हणजे १ कोटी १० लाख पिक्सेल, ४के पेक्षाही तिसऱ्या हिश्शाने जास्त. एका १०८० टीआयवर तेवढं ओढून १६५ गाठणं विसरा.

पाऊलखुणा:

शनिवार-रविवार बसून सगळं मोजलं. सगळे आकडे १४४०पी वर, मधल्या मॉनिटरवर.

शॅडो ऑफ द टूम रेडर, डायरेक्टएक्स १२: एक कार्ड ७८, दोन कार्डं १३६. आलेखही बऱ्यापैकी सरळ. इथे दुसरं कार्ड खरंच राबतं, बघून फार बरं वाटलं.

माझा नेहमीचा रेसिंगचा खेळ: एक कार्ड सरासरी ८८, फ्रेमटाइम ११ ते १२ च्या मधे. दोन कार्डं सरासरी ९७, पण आलेख करवतीसारखा, ६ वरून थेट १६-१७ वर. नऊ फ्रेम वाढल्या आणि वळण बिघडलं. तो खडबडीतपणा कुठून येत होता हे आता डोळ्यांनी दिसलं.

गेल्या वर्षी घेतलेला खेळ: एक कार्ड ६३, दोन कार्डं ५९.

७२०पी ची चाचणी रेसिंगवर केली. १५० च्या आसपास अडकलं. म्हणजे २४० चा विचार इथेच संपला.

अजून एक दिसलं. दोन्ही कार्डं लावलेली असताना वरचं ८४ अंशांवर जाऊन आपला वेग (क्लॉक) कमी करत होतं. खालचं काढल्यावर ७४. एकट्याचाच वेग वाढला.

आता प्रश्न उरतो दुसऱ्या कार्डाचा. भावाने आठवणीने दिलंय, कपाटात पडू द्यायला मन होत नाही. त्याचा काही उपयोग होईल का?

काटकोन:

एक उपयोग आहे. 'लॉसलेस स्केलिंग' नावाचा प्रोग्रॅम खऱ्या दोन फ्रेमच्या मधे तयार केलेल्या फ्रेम घालतो, आणि ते काम दुसऱ्या कार्डावर ढकलता येतं. एसएलआय बंद, खेळ वरच्या कार्डावर आणि मॉनिटर खालच्या कार्डाला, कारण शेवटची फ्रेम तिथे तयार होते. वर मी दिलेल्या सल्ल्याच्या अगदी उलट जोडणी, पण एक्स-८ मधून १४४०पी सहज जातं. कथेच्या खेळात ६० चे १२० छान दिसतात. रेसिंगला मात्र लावू नका, प्रतिसादाला उशीर होतो.

तांबडी माती:

आणि मॉनिटर घेताना हर्ट्झच्या आकड्यापेक्षा फ्रीसिंक किंवा जी-सिंक आहे का ते आधी बघा. तुमचा खेळ ८८ वर चालतो आणि मॉनिटर १४४ ला ठोका देत राहतो, दोघांचं जमत नाही. बदलत्या रिफ्रेशचा मॉनिटर फ्रेम तयार होण्याची वाट बघतो. १० मालिकेच्या कार्डांवर फ्रीसिंक मॉनिटर चालतात, जानेवारी २०१९ च्या ४१७.७१ ड्रायव्हरपासून, पण डिस्प्लेपोर्टवरूनच. एचडीएमआयला लावून "चालत नाही" म्हणणारे मी खूप पाहिलेत.

बाजूचे ६० हर्ट्झचे राहू द्या. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून वेगवेगळ्या हर्ट्झचे मॉनिटर एकत्र बरेच नीट चालतात. काहीच चालू नसतानाही कार्ड तापलेलं दिसलं तर मधला १२० वर ठेवून बघा, अनेकदा त्याने कार्डाच्या मेमरीचा वेग (क्लॉक) खाली उतरतो.

एक लक्षात ठेवा. १०८० टीआयला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे येतील. उद्या कार्ड बदलाल तेव्हाही मॉनिटर हाच राहणार आहे, त्यामुळे त्यात काटकसर नको.

पाऊलखुणा:

ठरलं. १४४०पी, १६५ हर्ट्झ, फ्रीसिंकवाला एकच. तो मधे, जुना १४४ चा डावीकडे. एसएलआय बंद. भावाचं कार्ड सध्या खालीच ठेवतोय, कथेच्या खेळांसाठी काटकोन यांची जोडणी करून बघेन. त्याने पुन्हा तापलं तर काढेन.

मॉनिटर आला की रेसिंगचा फ्रेमटाइमचा आलेख इथेच टाकतो. फ्रेमची मर्यादा १६५ ला लावायची की थोडी खाली?

रात्रदिवा:

थोडी खाली, १६१-१६२ ला. १६५ ला टेकलं की बदलत्या रिफ्रेशची हद्द संपते आणि उशीर पुन्हा येतो. तुमचा रेसिंगचा खेळ तिथवर जाणार नाही, पण हलक्या खेळांत उपयोगी पडेल. आलेखाची वाट बघतो.