होम स्टुडिओत सतत घूं आवाज, पॉवर कंडिशनर घेऊ का?

एकतारी
नमस्कार मंडळी. घरातल्याच एका खोलीत वर्षभर रेकॉर्डिंग करतोय. लॅपटॉप, त्याला यूएसबीवर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी), एक कंडेन्सर माइक, दोन पॉवर्ड मॉनिटर (आतच अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर) आणि एक सिंगल कॉइलवाली (पिकअपमध्ये तारेची एकच गुंडाळी असलेली) इलेक्ट्रिक गिटार, एवढाच संसार. त्रास असा आहे की मॉनिटरमधून कायम घूंSSS असा खालच्या पट्टीतला आवाज येत राहतो, काही वाजत नसलं तरी, आणि माउस हलवला की त्यात बारीक किर्र किर्र ऐकू येतं. गिटार लावली की वेगळाच चरचरीत आवाज वाढतो. मी पांढरी चारमधून (पेटीची चौथी पांढरी पट्टी हा माझा सा) गातो आणि हा घूं बरोबर पांढरी पाचच्या आसपास लागतो पण किंचित चढा, त्यामुळे हळू आवाजातलं काही गायला बसलो की कान सारखा तिकडेच ओढला जातो, सूर लावताना खूप त्रास होतो.

एकाने सांगितलं की मॉनिटरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. करून बघितलं, घूं खरंच गेला! पण परवा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर वापरत होतो तर गिटारच्या तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं. म्हणून विचारतोय, हे असंच ठेवलं तर चालेल का, की पॉवर कंडिशनर किंवा यूपीएस घेऊ? पैसे घालायची तयारी आहे पण नेमकं कशावर घालायचे ते कळत नाहीये.

फेज_न्यूट्रल
बाकी सगळं नंतर, आधी आत्ता उठून ती अर्थिंगची पिन परत लावा. मी वायरिंगचं काम करतो म्हणून हे कळकळीने सांगतोय. अर्थिंग काढलेल्या मॉनिटरमध्ये आत कधी फेजची वायर बॉडीला टेकली तर तो करंट जमिनीत जायचा रस्ता शोधणार, आणि तुमच्या सेटअपमध्ये तो रस्ता म्हणजे ऑडिओ केबल, इंटरफेस, लॅपटॉप. लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर असला तर तोही रस्ता बंद, मग गिटारच्या तारा आणि माइकची जाळी दोन्ही जिवंत. हात तारांवर किंवा ओठ माइकला, आणि पाय जमिनीवर. अर्थिंग नसलेल्या स्टेजवर माणसं अशीच दगावलेली आहेत.

तुम्हाला आलेल्या मुंग्या म्हणजे मॉनिटरच्या सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून झिरपणारा थोडासा करंट. अर्थिंग असतं तेव्हा तो गुपचूप तिकडे जातो, नसलं की तुमच्या बोटातून जातो. एरवी तेवढ्याने काही होत नाही, पण मॉनिटरची बॉडी अर्थिंगशिवाय हवेत लटकतेय हे त्यावरून कळतं.

आणि सॉकेटचं अर्थिंग खरंच आहे का तेही तपासून घ्या, बऱ्याच घरात तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट असेल तर ठीक, खूप जास्त असेल तर काहीतरी सैल किंवा तुटलेलं आहे. पण नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, कारण अर्धवट तुटलेली अर्थिंगची वायरसुद्धा त्यावर बरोबर आकडा दाखवू शकते, मीटर अगदी नगण्य करंट घेतो ना. माहीतगार माणसाकडून लूप टेस्टरने तपासून घ्या, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या.

खर्जाचा_सा
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. आता आवाजाकडे वळू.

तुमचा कान एकदम पक्का आहे. 50 हर्ट्झच्या लाइनवर हमिंग 50, 100, 150 असं येतं, आणि पांढरी पाचचा सूर त्या सप्तकात 98 हर्ट्झला असतो, म्हणजे 100 वाला थोडा चढाच लागणार. 60 हर्ट्झवाल्या देशात हाच घूं वेगळ्या सुरात ऐकू आला असता.

काही विकत घ्यायच्या आधी एक काम करा. पिन परत लावल्यावर घूं परत येईल, येऊ द्या. मग इंटरफेसला हेडफोन लावा आणि मॉनिटरच्या दोन्ही केबल इंटरफेसमधून उपटून ठेवा. हेडफोनमध्ये घूं येतो का? मग हेडफोन बाजूला, केबल परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढा, मॉनिटरमधला आवाज कमी होतो का? मग गिटार लावून हेडफोनवर ऐका आणि गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा, आवाज कमीजास्त होतो का? एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. मी स्वतः पूर्वी सगळ्या केबल एकदम बदलून बसलो होतो आणि दोष निघाला होता एका अॅडॅप्टरमध्ये, तो शोधण्यात दोन रविवार गेले.

अजून एक, मॉनिटरच्या केबलच्या प्लगवर काळ्या रिंगा किती आहेत ते बघून सांगा. एक की दोन?

एकतारी
खूप खूप आभार, पिन लगेच लावली. वायरमनला बोलावून अर्थिंगही तपासलं, आमच्या खोलीतल्या सॉकेटची अर्थिंगची वायर स्क्रूमध्ये सैल होती, घट्ट केली.

आता रिझल्ट. हेडफोनमध्ये मॉनिटरच्या केबल काढल्यावर एकदम शांत, चार्जर चालू असूनही. मॉनिटरमध्ये चार्जर काढला की घूं आणि माउसची किर्रकिर्र दोन्ही गायब, लावला की परत. गिटार मात्र हेडफोनमध्येसुद्धा चरचरते, फिरल्यावर एका दिशेला बराच कमी होतो आवाज. तारांना हात लावला की चरचर कमी होते, हे नॉर्मल आहे का? आणि केबलच्या प्लगवर एकच रिंग आहे, दोन्ही बाजूंना.

खर्जाचा_सा
सापडलं! एक रिंग म्हणजे टीएस केबल, गिटारला वापरतो ती, अनबॅलन्स्ड. दोन रिंगा म्हणजे टीआरएस. तुमच्या इंटरफेसचे आउटपुट आणि मॉनिटरचे इनपुट बॅलन्स्ड असतील (मागच्या पॅनलवर तसं लिहिलेलं असतं) तर टीआरएसच्या दोन केबल घेतल्या की हा प्रश्न बहुतेक तिथेच मिटेल.

काय होतंय ते सांगतो. तुमचा लॅपटॉप चार्जरमधून अर्थिंगला जोडलाय, मॉनिटर त्यांच्या पिनमधून अर्थिंगला जोडलेत, आणि मधे यूएसबी आणि ऑडिओ केबलच्या जाळीने (आतल्या वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणाने) दोघं परत एकमेकांना जोडलेत. म्हणजे तारेचं एक मोठं वेटोळं तयार झालं, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. या वेटोळ्यातून थोडा थोडा करंट फिरत राहतो, त्यात लाइनचा घूं असतो आणि लॅपटॉपच्या आतला कचराही, म्हणून माउस हलवल्यावर किर्र. टीएस केबलमध्ये ती जाळीच सिग्नलची दुसरी वायर असते, त्यामुळे जाळीवर जे काही चढतं ते थेट सिग्नलमध्ये मिसळतं.

टीआरएसमध्ये सिग्नलच्या दोन वायर जाळीपासून वेगळ्या असतात. मॉनिटर त्या दोघींमधला फरक तेवढा घेतो, दोघींवर सारखंच चढलेलं जे असतं ते आपोआप वजा होतं. लूप तसाच राहतो, अर्थिंगही तसंच राहतं, फक्त घूं सिग्नलमध्ये शिरत नाही. पिन काढल्यावर तुम्हाला जी शांतता मिळाली होती तीच अर्थिंग ठेवून मिळते.

ज्यांचे मॉनिटर किंवा मिक्सर फक्त आरसीएवाले (अनबॅलन्स्ड जोडणीचे) आहेत त्यांनी मधे 1:1 चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर लावावा. तोडायचं असेल तर कनेक्शन ऑडिओच्या बाजूचं तोडायचं. डीआय बॉक्सवर (गिटारसारखं वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते याचसाठी, ते ऑडिओची जाळी तोडतं, मेन्सचं अर्थिंग नाही.

काडी_आणि_पिकअप
गिटारचं मी सांगते, सिंगल कॉइलमध्ये माझी पंधरा वर्षं गेलीत.

तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत. फिरल्यावर कमी होतो तो चुंबकीय, पिकअप म्हणजे तारेची गुंडाळीच, जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा अॅडॅप्टर जे काही सोडतो ते ती उचलते. याला उपाय अंतर. लॅपटॉप आणि अॅडॅप्टरपासून दोन हात लांब बसा, ती कमी आवाजाची दिशा शोधून खुर्ची तशीच फिरवून ठेवा, मी तर जमिनीवर टेप लावून ठेवलीये. दुसरा तो चरचरीत, तारांना हात लावल्यावर कमी होणारा. हो, ते नॉर्मल आहे, तुमचं शरीर अँटेना झालेलं असतं आणि तारांतून ते ग्राउंडला जोडलं की शांत होतं. त्याला गिटारच्या आतल्या पोकळीत तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडली की चांगला फरक पडतो. पण फॉइलने पहिला आवाज जाणार नाही हे आधीच सांगते, लोक फॉइल लावून निराश होतात. तो कमी करायचा तर हमबकर (दोन उलट्या गुंडाळ्यांचा पिकअप) किंवा हम कॅन्सल करणारा पिकअप.

आणि खोलीत डिमरवाला दिवा आहे का? डिमर लाइनची लाट मधेच कापतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि दिवा अर्ध्या उजेडावर असताना सगळ्यात जास्त चरचर येते. बंद करून बघा.

फेज_न्यूट्रल
कंडिशनर आणि यूपीएसचं राहिलं. कंडिशनरमध्ये सर्जपासून वाचवणारा भाग आणि हाय फ्रीक्वेन्सीचा कचरा गाळणारा फिल्टर असतो, सामान वाचवायला चांगला, पण अर्थिंगची वायर त्यातून सरळ जाते त्यामुळे ग्राउंड लूप जसाच्या तसा. स्टॅबिलायझर फक्त व्होल्टेज सांभाळतो. साधा यूपीएस बॅटरीवर गेला की बऱ्याचदा पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, त्यावर ट्रान्सफॉर्मरवाली उपकरणं स्वतःच घुरघुरतात. शुद्ध साइन वेव्ह (गुळगुळीत लाट) हवी तर ऑनलाइन यूपीएस (सतत स्वतःच लाट तयार करून देणारा), पण त्याचा पंखा सतत फिरतो आणि तो तुमच्या कंडेन्सर माइकमध्ये येणार, मग दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो.

फुकटातला उपाय सांगतो, ऑडिओचं सगळं सामान एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, सगळं मिळून लोड कमीच असतो. अर्थिंगचा बिंदू एक झाला की वेटोळं लहान होतं. आणि पॉवरच्या वायरी ऑडिओच्या केबलबरोबर बांधू नका, टेबलामागे सगळं एका जुडीत बांधलेलं असतं लोकांचं. हातभर अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एकतारी
दोन आठवड्यांनी लिहितोय, सगळं एक एक करत गेलो. टीआरएस केबल लावल्या आणि मॉनिटर चालू आहेत की बंद हे दिवा बघितल्याशिवाय कळेना, इतकी शांतता. मागच्या जुड्या सोडल्या. डिमरवाला दिवा होताच, अर्ध्यावर ठेवायची सवय होती मला, काढून साधा लावला. गिटार खिडकीकडे तोंड करून वाजवतो, न वाजवता रेकॉर्डिंगचा मीटर आधी उणे 52 डीबीला असायचा, तो आता उणे 70 च्या खाली जातो. काल रात्री पांढरी चारमध्ये खालचा पंचम लावून बराच वेळ नुसता धरून बसलो, मागे काहीच नाही.

एकच राहिलंय, फ्रिज सुरू किंवा बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये टक् असा आवाज येतो. त्याला काय करता येईल?

फेज_न्यूट्रल
फ्रिजच्या स्विचवर ठिणगी पडते त्याचा टक् आहे तो. फ्रिज आणि स्टुडिओचा सॉकेट एकाच एमसीबीवर आहेत का बघा, असतील तर स्टुडिओला बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंगच्या वायरसकट. ते होईपर्यंत टेक घेताना फ्रिजचं बटण अर्धा तास बंद ठेवा आणि परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा.