शॅडो डॉममधला इनपुट रिकामा, तरी फॉर्म सबमिट होतो

प्रश्न

फोन नंबरसाठी एक कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग) केलं आहे. त्याच्या शॅडो डॉममध्ये (पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागात) साधा इनपुट, त्यावर रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) आणि पॅटर्न (ठरलेला नमुना). बाहेरचा फॉर्म मात्र दोन्हींना जुमानत नाही आणि फॉर्मडेटामध्ये, म्हणजे फॉर्मने पाठवायच्या माहितीत, हे फील्ड येतही नाही. एलिमेंटइंटर्नल्स (कस्टम एलिमेंटला फॉर्मशी जोडणारी ब्राउझरची सोय) लावल्यावर उलटंच झालं: सबमिट अडतं, पण मेसेज दिसत नाही. कन्सोलवर 'कंट्रोल फोकसेबल नाही' (फील्डवर फोकस नेता येत नाही) एवढंच येतं. लायब्ररी न घेता काय करता येईल?

उत्तर १

शॅडो डॉममधल्या इनपुटला बाहेरचा फॉर्म दिसत नाही, त्यामुळे जबाबदारी होस्टने, म्हणजे तुमच्या कस्टम एलिमेंटनेच, घ्यायची असते. क्लासवर स्टॅटिक फॉर्मअसोसिएटेड ट्रू करा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये अटॅचइंटर्नल्स एकदाच बोलवा. दुसऱ्यांदा बोलवलंत तर एरर येते. प्रत्येक इनपुट इव्हेंटला सेटफॉर्मव्हॅल्यू (फॉर्मला किंमत देतं) आणि त्यापाठोपाठ सेटव्हॅलिडिटी (ती बरोबर की चूक ते सांगतं) बोलवा. होस्टला नेम ॲट्रिब्यूट नसेल तर एवढं करूनही किंमत फॉर्मडेटामध्ये जाणार नाही.

सेटव्हॅलिडिटीला तीन गोष्टी द्या: आतल्या इनपुटची व्हॅलिडिटी, त्याचा व्हॅलिडेशनमेसेज आणि अँकर (मेसेज जिथे दाखवायचा ती जागा) म्हणून तोच इनपुट. एखादा फ्लॅग (चूक दाखवणारी खूण) ट्रू असताना मेसेज रिकामा असला तर टाइपएरर येते. अँकर होस्टच्या आतलाच हवा.

तुमचा मेसेज अडतो तो फोकसमुळे. नुसता अँकर देऊन भागत नाही, होस्टलाही फोकस घेता आला पाहिजे. अटॅचशॅडो करताना डेलिगेट्सफोकस ट्रू द्या, म्हणजे होस्टचा फोकस आतल्या इनपुटला जाईल. होस्टवर टॅबइंडेक्स ० लावूनही काम होतं, पण मग टॅबचा एक थांबा उगाच वाढतो.

उत्तर २

वरच्यात भर. सेटव्हॅलिडिटीचा चेक कनेक्टेडकॉलबॅकमध्येही (एलिमेंट पानात येताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करा, नाहीतर कुणी काही टाइप करेपर्यंत रिकामं फील्ड व्हॅलिड धरलं जातं. पण पान उघडताच लाल चौकट दाखवू नका. फोकसआउट किंवा इनव्हॅलिड इव्हेंट आल्यावरच दाखवा. इनव्हॅलिड इव्हेंट बबल होत नाही (वरच्या एलिमेंटकडे जात नाही), म्हणून लिसनर होस्टवरच हवा.

मिनलेंथवर (किमान लांबीच्या अटीवर) विसंबू नका. स्क्रिप्टने भरलेल्या किमतीला तो लागू होत नाही, फक्त वापरणाऱ्याने बदललेल्या किमतीला लागतो. भरलेला फॉर्म एडिटला उघडला की ही चूक हमखास निसटते. लांबी स्वतः मोजा आणि टूशॉर्ट फ्लॅग स्वतः लावा.

चेंज इव्हेंट शॅडोबाहेर येत नाही, इनपुट इव्हेंट येतो. पॅरेंट चेंजवर अवलंबून असेल तर होस्टवरून तो पुन्हा डिस्पॅच करा.

प्रश्नकर्ता

डेलिगेट्सफोकसने मेसेज आला, आभार. आता एंटर दाबल्यावर फॉर्म सबमिट होत नाही. रीसेट केल्यावर जुनी किंमतही तशीच राहते.

उत्तर १

दोन्हींचं मूळ एकच: आतला इनपुट त्या फॉर्मचा नाही. कीडाउनमध्ये एंटर पकडून इंटर्नल्सच्या फॉर्मवर रिक्वेस्टसबमिट बोलवा. नुसतं सबमिट बोलवलंत तर व्हॅलिडेशन वगळलं जातं. इझकंपोझिंग ट्रू असेल तर काही करू नका. आयएमईने (की दाबून अक्षरं जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) टाइप करणारा एंटर दाबून शब्द पक्का करत असतो.

रीसेटसाठी फॉर्मरीसेटकॉलबॅक लिहा. त्यात इनपुटची किंमत पूर्ववत करा, सेटफॉर्मव्हॅल्यू आणि सेटव्हॅलिडिटी पुन्हा चालवा, लाल चौकट काढा. फील्डसेट (फील्डांचा गट) डिसेबल झाला तर फॉर्मडिसेबल्डकॉलबॅक येतो. तिथून आतला इनपुटही डिसेबल करा.

उत्तर ३

सफारीत फॉर्मअसोसिएटेड एलिमेंट १६.४ पासून आहे, फायरफॉक्सात ९८ पासून, क्रोममध्ये ७७ पासून. त्याआधीच्या सफारीसाठी पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारी स्क्रिप्ट) लागेल. आणि सर्व्हरवरचा चेक काढू नका, ब्राउझरमधला कुणालाही टाळता येतो.