डॉलीचं मूळ गाणं पडलं नव्हतं

'आय विल ऑल्वेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टनने गायलं म्हणून चाललं, अमेरिकी गायिका-गीतकार डॉली पार्टनचं मूळ गाणं पडलंच होतं, असं काही जण म्हणतात; हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. व्हिटनीचं गाणं बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या हॉट १०० या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिलं होतं, हे खरंच. पण डॉलीचं गाणं कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या, वेगळ्या यादीत एकदा नव्हे, दोनदा पहिलं आलंय. १९७४ मध्ये एकदा, आणि १९८२ मध्ये तिने एका चित्रपटासाठी ते नव्याने गायलं तेव्हा पुन्हा. गोंधळ होतो तो दोन याद्या एकत्र केल्यामुळे. १९७४ साली कंट्रीत पहिलं असलेलं हे गाणं हॉट १०० मध्ये शिरलंही नाही आणि १९८२ सालीसुद्धा तिथे ५३ पर्यंतच पोचलं. त्यामुळे पॉप ऐकणाऱ्यांच्या कानावर ते फारसं पडलं नाही. कंट्रीवाल्यांना मात्र ते चांगलंच पाठ होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणं गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे, म्हणजे गाण्याच्या कमाईत वाटा देणारे, निम्मे हक्क मागितले. डॉलीने नकार दिला. एल्व्हिसला नाही म्हणायला केवढी हिंमत लागली असेल! हक्क तिच्याकडेच राहिले, म्हणून व्हिटनीच्या यशातला तो निम्मा वाटाही तिलाच मिळाला. मूळ गाणं शांतपणे ऐका. शेवटचं कडवं ती गात नाही, नुसतं बोलते. कंट्री गायक पॉर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडताना त्याच्यासाठी लिहिलेला निरोप आहे तो, आणि तिथे तो सरळ काळजाला भिडतो.